परदेशातील अल्पमुक्काम आणि मुलांचा सांभाळ

संशोधनासाठी, शिष्यवृत्तीवर किंवा कंपनीच्या कामासाठी सहा महिने, वर्षभर परदेशी जाणारी मराठी कुटुंबे आज थोडीथोडकी नाहीत. व्हिसा, घरभाडे, विमा, थंडीचे कपडे या सर्वांची तयारी ही कुटुंबे काटेकोरपणे करतात. बरोबर दीड-दोन वर्षांचे मूल असेल, तर त्याला दिवसा कोण सांभाळणार हा प्रश्न मात्र ‘तेथे गेल्यावर पाहू’ म्हणून पुढे ढकलला जातो. तेथे गेल्यावर कळून चुकते की, ज्या देशांतील बालसंगोपनाची वाखाणणी कानी आलेली असते, त्या देशांतही ही व्यवस्था उभी आहे ती मुख्यतः स्थायिकांसाठी. पाहुण्याला तिचे दार उघडेपर्यंत त्याची परतण्याची वेळ झालेली असते.

जर्मनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात किंवा नोंदणीकृत दाईकडे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क तेथे 1 ऑगस्ट 2013 पासून आहे. तथापि कायद्यातील हक्क आणि हाती पडणारी जागा यांत अंतर आहे. प्रशिक्षित सेविकांचा तुटवडा असल्यामुळे अनेक शहरांत स्थानिक पालकांनाच प्रतीक्षायादीत तिष्ठावे लागते. जागा मिळालीच, तरी मुलाला पहिल्या दिवशी सोडून कामावर निघून जाता येत नाही. आरंभी आई किंवा वडील मुलाजवळ बसतात, मग काही मिनिटे दूर होतात आणि हा दुरावा हळूहळू वाढवीत नेतात. यात काही आठवडे जातात. मुलाच्या मनाचा विचार करता ही रीत शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. पण तीन महिन्यांसाठी आलेल्या संशोधिकेच्या मुक्कामाचा मोठा भाग त्यातच सरतो, हेही तितकेच खरे.

इंग्लंडमध्ये अडचणीचे स्वरूप निराळे आहे. नोकरदार पालकांना तेथे आठवड्याला तीस तासांचा सरकारी खर्चाने सांभाळ मिळतो आणि सप्टेंबर 2025 पासून ही सवलत नऊ महिन्यांच्या बाळापर्यंत पोहोचली आहे. परंतु आईवडील दोघांच्याही व्हिशावर सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट असेल, तर ते कर भरीत असूनही या सवलतीला मुकतात. शेजारधर्माचा मार्गही वाटतो तितका मोकळा नाही. आठ वर्षांखालील परक्या मुलाला आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून अधिक काळ मोबदल्यावर सांभाळावयाचे, तर सामान्यतः नोंदणी करावी लागते. 2009 साली दोन पोलीस महिलांनी एकमेकींच्या मुली आळीपाळीने सांभाळल्या, तेव्हा हा परस्पर उपकारही ‘मोबदला’ ठरवून त्यास आक्षेप घेण्यात आला. त्यावर गदारोळ उठला आणि सरकारला मैत्रीतील अशा व्यवस्थेसाठी वाट मोकळी करावी लागली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेले नियम चुकीचे नव्हेत. पण नवख्या कुटुंबाला ते ठाऊक असण्याचा संभव कमी.

अमेरिकेत राष्ट्रव्यापी पाळणाघर-व्यवस्थाच नाही आणि खासगी पाळणाघराचे शुल्क शिष्यवृत्तीवर जगणाऱ्याला झेपत नाही. म्हणून मराठी कुटुंबांनी आपला उपाय शोधला आहे : सहा महिने आईचे आईवडील, पुढचे सहा महिने वडिलांचे. पर्यटकांच्या व्हिशावर तेथे एका खेपेस साधारणतः सहाच महिने राहता येते, त्या नियमाभोवती हे वेळापत्रक बेतलेले असते. या आजी-आजोबांचे ऋण मोठे आहे. पण गुडघे दुखत असताना, मोटार चालविता येत नसताना, दारावरून कोणी ओळखीचे जात नसताना तान्ह्या मुलामागे दिवसभर धावणे याला केवळ हौस म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आणि ज्या घरात आजी येऊ शकत नाही, त्या घरात काम कोणी सोडावयाचे याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ते आईने सोडावयाचे असते.

हा प्रश्न आजकालचा आहे असे मात्र नव्हे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. वाँटेज येथील मठातील भगिनींनी तिच्या संगोपनाचा भार उचलला, म्हणून रमाबाईंना चेल्टनहॅमच्या कॉलेजात अध्ययन-अध्यापन करता आले. पण त्याच आश्रयातून मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यावयाचे यावर रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात तीव्र मतभेद झाले. सांभाळासाठी मिंधे राहावे लागले की सांभाळणाऱ्याचा हक्कही मानावा लागतो, हा धडा त्यातून मिळतो. म्हणूनच ही व्यवस्था कोणाच्या मेहेरबानीवर सोपविता कामा नये.

अल्पकाळाची सोय अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. फ्रान्समध्ये मुलांना काही तासांपुरते ठेवता येईल अशी ‘आल्त-गार्दरी’ची प्रथा जुनी आहे. जपानमधील अनेक बालसंगोपन केंद्रांत पूर्वनोंदणी करून मुलाला एखादा दिवस किंवा काही तास ठेवता येते. या सोयी स्थानिक गरजेतून निघाल्या; पण थोड्या काळाच्या सांभाळाचा रीतसर बंदोबस्त होऊ शकतो, एवढे त्या निश्चित सिद्ध करतात.

मग जबाबदारी कोणाची? जो निमंत्रण देतो आणि जो धाडतो, त्या दोघांची. काही शिष्यवृत्त्यांत कुटुंबभत्ता असतो. पण भत्त्याने जागा मिळत नाही. विद्यापीठांनी आपल्या पाळणाघरांत पाहुण्या संशोधकांच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात आणि निमंत्रणपत्राबरोबरच त्यांची माहिती कळवावी. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय केली पाहिजे, असे बंधन भारताने 2017 च्या कायदादुरुस्तीने घातले. पुण्यातील कार्यालयात मान्य झालेले हे तत्त्व, त्याच कंपनीचा अभियंता म्युनिकला पोहोचताच रद्द का व्हावे? परदेशी धाडण्याच्या करारात मुलांच्या सांभाळाचे कलम असलेच पाहिजे. परोपरीच्या महाराष्ट्र मंडळांनाही गणेशोत्सवाच्या जोडीने स्थानिक नियमांची आणि नोंदणीकृत दायांची माहिती संकलित करता येईल.

पालकांनीही हा विषय तिकिटे काढण्यापूर्वी मिटवावा, हे खरे. परंतु तो केवळ त्यांच्या दूरदृष्टीवर सोडणे न्यायाचे नाही. मूल असणे हा विद्वत्तेतील किंवा कामातील दोष नव्हे. मुलाची सोय न पाहता आईला दिलेले निमंत्रण अर्धवटच राहते, आणि त्या उरलेल्या अर्ध्याची किंमत आजवर तीच मोजीत आली आहे.