हजार आणि दहा हजार

दिवाळीच्या अंकात हिशेबाची वही उघडलेली काहींना रुचणार नाही. पण लक्ष्मीपूजनाला आपण वहीचीच पूजा करतो ना? मग त्या वहीतले जे पान एरवी आपण घाईने उलटतो, ते आज जरा थांबून वाचू.

अंबरनाथला आमच्या चाळीत दोन काका शेजारी शेजारी राहतात. एक आयुध कारखान्यातून निवृत्त झाले, दुसरे औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी कारखान्यातून. दोघेही फिटर. दोघांनी एकाच नळावर पाणी भरले, एकाच गणपतीची वर्गणी दिली. आज दोघांना रक्तदाबाची तीच गोळी लागते, आणि ती एकाच दुकानातून, एकाच भावाने येते. फरक आहे तो पेन्शनचा. पहिल्या काकांना शेवटच्या पगाराच्या निम्मे पेन्शन बसले, आणि जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा त्यात महागाईचा विचार होतो. दुसऱ्या काकांना 1671 रुपये मिळतात. 2014 साली निवृत्त झाले तेव्हा तेवढेच मिळत होते, आजही तेवढेच. गोळीचा भाव मात्र 2014 चा राहिलेला नाही.

हा 1671 चा आकडा आला कुठून? 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. पण पगार म्हणजे खरा पगार नव्हे. तो कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच मोजायचा. ही मर्यादा ऑगस्ट 2014 पर्यंत 6500 रुपये होती. काकांना पगार होता चौदा हजार, नोकरीची नोंद अठरा वर्षांची. त्याआधी कंत्राटदाराकडे घालवलेल्या वर्षांचा कागदच नाही. मग 6500 गुणिले 18 भागिले 70, म्हणजे 1671. गणितात चूक नाही. चूक आहे ती गणिताआधीच्या नीतीत.

1 सप्टेंबर 2014 ला मर्यादा 15,000 झाली आणि किमान पेन्शन 1000 रुपये ठरले. नव्या मर्यादेने पुरती 35 वर्षे मोजली तरी पेन्शन येते 7500. वीस वर्षांवरच्या नोकरीला मिळणारी दोन वर्षांची बक्षिशी धरा, तरी आठ हजारांना ते पोचत नाही. उभे आयुष्य यंत्रापुढे काढलेल्या माणसाची ही कमाल! आणि किमान? 2014 ते 2024 ही दहा वर्षे उलटली, पण तो हजाराचा आकडा तसूभरही हलला नाही.

आता वहीतले दुसरे पान पाहा. केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शन योजना आणली. तिच्यात दहा वर्षे सेवा करून निवृत्त होणाऱ्याला किमान 10,000 रुपयांची हमी आहे, वर महागाईची भर वेगळी. कारखान्यातल्या कामगारालाही पेन्शनचा हक्क मिळतो तो दहा वर्षांनीच. तीच दहा वर्षे, तेच सरकार. पण एकाच्या म्हातारपणाची किमान किंमत दहा हजार आणि दुसऱ्याच्या म्हातारपणाची एक हजार. हा दहापटीचा फरक कोणत्या तागडीत तोलून काढला, हे कुणी सांगेल काय?

पहिल्या काकांचा हेवा करावा म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांना मिळते ते योग्यच मिळते. निम्मा पगार आणि महागाईचा आधार ही म्हातारपणाची रास्त गरज आहे, हे सरकारनेच मान्य केले आहे. माझे म्हणणे इतकेच की, ती गरज नोकरीच्या दाराबरोबर बदलत नाही.

यावर शहाणे लोक दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, सरकारी नोकर आपल्या पगारातून दहा टक्के देतो. कामगार पेन्शनसाठी पदरचे काहीच देत नाही, सारे मालकाच्या वाट्यातून जाते. आक्षेप खरा आहे. पण मालक जे 8.33 टक्के भरतो, ते काय दान आहे? बोनसचा किमान दरही 8.33 टक्केच आहे, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याचा पगार. बोनसला आज कुणी भीक म्हणत नाही. मग पेन्शनचे 8.33 टक्केही राखून ठेवलेला पगारच नव्हेत काय? कामगाराच्या पगारातून बारा टक्के कापले जातात ते फंडात जातात, आणि त्या फंडाचे मुलीच्या लग्नात, बदलापूरच्या दोन खोल्यांत आणि एखाद्या आजारपणात काय होते, ते घरोघरी ठाऊक आहे. हवे तर आणखी कापा. पण खऱ्या पगारावर कापा आणि खऱ्या पगारावर द्या.

दुसरा आक्षेप असा की, निधीत तेवढा पैसा नाही. असेलही. पण या योजनेत सरकार स्वतः मर्यादेपर्यंतच्या पगारावर 1.16 टक्के घालते, आणि हजाराचे किमान गाठायला जे कमी पडते तेही तिजोरीतूनच भरते. म्हणजे तत्त्व मान्य आहे. घोडे अडले आहे ते आकड्यापाशी. आणि आकडा म्हटला की तो महागाईला बांधता येतो. स्वतःच्या नोकरांसाठी ती गाठ सरकारने मारलीच आहे.

उल्हासनगरची गोष्ट तर याहून वाईट. 1947 नंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांनी तिथे रिकाम्या लष्करी छावणीत उद्योगाचे नगर उभे केले. पण तिथल्या जीन्स शिवणाऱ्या आणि फर्निचर घडवणाऱ्या कितीतरी गाळ्यांत दहाबारा माणसे काम करतात, आणि फंडाचा कायदा सक्तीने लागू होतो तो वीस माणसांपासून पुढे. साठीला आलेल्या तिथल्या कारागिराला 1671 रुपयेसुद्धा श्रीमंती वाटते.

तेव्हा मागण्या तीनच. कारखान्यातल्या माणसाच्या पेन्शनचे किमान सरकारी किमानाइतके करा. ते महागाईला जोडा. आणि विसाची अट काढून लहान गाळ्यातल्या माणसालाही वहीत घ्या. यात दया नाही, उपकार नाही. मागची बाकी आहे.

आमच्या दुसऱ्या काकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे की नाही, याची सरकार वर्षातून एकदा चौकशी करते. तो कशावर जगतो, याची करीत नाही. ती चौकशी निदान आपण करू या. भाऊबीजेला आत्याकडे, मामाकडे जाल, तेव्हा फराळ झाल्यावर थोरल्या माणसांना हळूच विचारा, "तुमचं पेन्शन किती हो?" उत्तर ऐकून घशात लाडू अडकला, तर तो आकडा लिहून घ्या, आणि मत मागायला जो कुणी दारात येईल, त्याच्यापुढे तो कागद धरा.