सामना संपल्यानंतर

'झुंड' पाहून आलेल्या माझ्या बहुतेक मित्रमैत्रिणींची एकच तक्रार आहे : सामना संपला की चित्रपट कंटाळवाणा होतो. मला नेमके उलटे वाटते. माझ्या मते खरा चित्रपट तेथूनच सुरू होतो.

नागराज मंजुळे यांचा हा हिंदी चित्रपट २०२२ साली आला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्या कार्यावर तो आधारलेला आहे. अमिताभ बच्चन त्यात प्राध्यापक बोराडे झाले आहेत. पण लक्षात राहतात ती वस्तीतली पोरे. महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक उंच भिंत आहे. भिंतीपलीकडचा संघ अलीकडच्या संघाशी खेळतो आणि जिंकतो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने येथेच ढोलताशे वाजवून पडदा पाडला असता!

मंजुळे मात्र थांबत नाहीत. परदेशी स्पर्धेला जायचे तर पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टला कागद हवेत. डॉन नावाच्या पोराच्या मागे पोलिसांची केस आहे. रिंकू राजगुरूने रंगवलेली आदिवासी मुलगी उत्तम खेळते; पण ती कोण, हे सिद्ध करायला तिचा बाप तिला घेऊन दारोदार हिंडतो. हा भाग ज्यांना लांबलेला वाटतो, त्यांच्या घरी कागद आधीपासून कपाटात असावेत.

मी भटक्या समाजातली. आजोबांचा जन्म पालातला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. जातपडताळणीसाठी १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळेचा दाखला कोठून आणायचा? वडिलांनी सात खेपा घातल्या आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली. खिडकीपलीकडून "नंतर या" एवढेच उत्तर यायचे.

चित्रपटापासून प्रेरणा घेतली म्हणजे पहाटे उठून धावू लागले, असे नव्हे. (कबड्डीत मी पहिल्याच चढाईत बाद होते, हे आमच्या वर्गाला ठाऊक आहे.) मी आठव्या खेपेला वडिलांसोबत गेले आणि खिडकीपाशी उभी राहून म्हणाले, "काय कमी आहे ते लेखी द्या." आवाज कापत होता. प्रमाणपत्र अजून हाती आलेले नाही. पण त्रुटीचा कागद मिळाला, आणि आता निदान कोणता पुरावा शोधायचा ते आम्हाला कळले आहे.

व्याख्यानांतून आम्हाला नेहमी सांगतात की जिद्द धरा, यश मिळेल. वस्तीतल्या पोरांत जिद्द कधीच कमी नव्हती. त्यांच्यासाठी दार उघडणारा माणूस हवा होता, आणि तो महाविद्यालयातलाच एक शिक्षक निघाला, ही गोष्ट आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखी आहे.

आपल्या मैदानामागेही वस्ती आहे. तेथल्या तारेच्या कुंपणाला दरवर्षी भगदाड पडते, आणि दरवर्षी ते बुजवले जाते. माझी जिमखाना समितीला नम्र विनंती आहे की, यंदा ते बुजवू नये. तेथे एक लहान फाटक बसवावे आणि रविवारी सकाळी दोन तास ते उघडे ठेवावे. किल्ली सांभाळायला मी तयार आहे.