सोलर पॅनल तपासूनच घ्या : साक्री तालुक्यातील ग्रामस्थांना जाहीर आवाहन



आपल्या तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला. आता तेच तंत्र आपल्या गच्चीवर आणि मळ्यातल्या विहिरीवर येते आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचे अनुदान असल्यामुळे चौकशी वाढली आहे, पण ती बहुधा ‘किलोवॅटला किती?’ इथेच थांबते. माझी कळकळीची विनंती आहे, आधी पॅनल कोणते ते विचारा. पॅनलची ताकद दरवर्षी थोडी उतरतेच. चांगल्या पॅनलची घट वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. ती दोन टक्क्यांवर गेली, तर 25 वर्षांनी 88 टक्क्यांऐवजी जेमतेम 60 टक्के वीज हाती राहते, आणि खालून पाहणाऱ्याला दोन्ही पॅनल सारखेच दिसतात.

आपला उन्हाळा इथे मोठा परीक्षक आहे. पॅनलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात आतल्या सिलिकॉनच्या चकत्या 65 अंशांच्या आसपास तापतात. रोजच्या या तापण्या-निवण्याने कच्चा डाख सुटतो, मागचे हलके अस्तर तडकते, पावसाळ्यात ओल आत शिरते. चकत्यांना गेलेले बारीक तडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे तेवढीच जागा तापून करपते. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आणि मुंबई आयआयटी यांनी 2013 पासून देशभर केलेल्या पाहण्यांत उष्ण भागांतले पॅनल लवकर खालावलेले आढळले, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छतावरच्या लहान संचांची अवस्था वाईट निघाली. मोठ्या प्रकल्पावर माल उतरताना तपासायला अभियंते उभे असतात. आपल्या दारात ते काम आपल्यालाच करावे लागेल.

कोणी म्हणेल, पॅनल सरकारमान्य यादीतले आहे, मग काळजी कशाला? यादी कंपनीच्या मॉडेलला मान्यता देते. टेम्पोत आदळलेल्या किंवा बसवताना ज्यावर माणूस उभा राहिला त्या पॅनलची हमी ती देत नाही. 25 वर्षांची वॉरंटीही नीट वाचावी. ती बहुधा वीजनिर्मितीची असते, वस्तूतल्या दोषाची मुदत त्याहून बरीच कमी असते, आणि बिल व पॅनलमागच्या क्रमांकाशिवाय दोन्हींचा दावा अवघड. ‘गरिबाने महाग कुठून घ्यावे?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. पण सांगाडा, इन्व्हर्टर, वायरिंग, मजुरी यांचा खर्च पॅनल कसेही असले तरी होतोच. बचत होते ती फक्त पॅनलच्या किमतीतल्या फरकाची, आणि पॅनल बिघडले तर नव्याचा खर्च खिशातून करावा लागतो.

म्हणून करारात कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. प्रत्येक पॅनलमागचा क्रमांक बिलाशी जुळवा, फोटो काढून ठेवा. पॅनलवर कोणालाही चढू देऊ नका. दरमहा निर्मितीचे युनिट वहीत टिपा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडले की मोठी घट लक्षात येते. ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि इच्छुक घरांची एकत्र मागणी नोंदवावी. पन्नास घरांनी मिळून तपासणीचा अहवाल मागितला, तर पुरवठादाराला तो द्यावाच लागेल.