डिपॉझिट कुठनं आणायचं?

मागच्या महिन्यात शाखेच्या बैठकीत एका दोस्तानं माझ्यावर तोफ डागली. म्हणाला, ‘‘हा आता चळवळीचा राहिला नाही. हा फ्लॅटवाला होणाराय. जयंतीची वर्गणी पाच हजार मागितली तर पाचशे टेकवतो आणि बँकेत आरडी भरतो.’’ पोरं हसली. मीही हसलो. पण घरी जाताना लोकलच्या दारात उभा असताना ते डोक्यात गरगरत राहिलं. म्हणून हे लिहितोय.

हो, भरतो मी आरडी. चोरून नाही भरत.

आपल्या अंकांत कविता रग्गड छापल्या जातात, हिशेब कुणी छापत नाही. आज हिशेब छापू. कल्याणला आम्ही चौघं भाड्याच्या खोलीत राहतो. आई, बायको, पोरगी आणि मी. अकरा महिन्यांचा करार. दहावा महिना लागला की मालकाचा फोन येतो आणि आईचा चेहरा उतरतो. पाच वर्षांत चार खोल्या झाल्या. गावकुसाबाहेरची वस्ती निदान जागची हलत नव्हती साली!

तर बदलापूरकडे वन बीएचके बघितला. ३२ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे देता येतात. देता येतात, द्यायलाच पाहिजेत असं नाही. माझी नोकरी कंत्राटी, म्हणून बँकेतला साहेब ८० वर अडून बसला. म्हंजे ६ लाख ४० हजार माझ्या खिशातले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक त्या किमतीत धरत नाही, ते दोन लाखांच्या वर. (घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एक टक्क्यानं कमी लागतं. बायकोच्या नावावर घ्या पोरांनो, त्यात मर्दानगी जात नाही.) बांधकाम चालू असेल तर वर जीएसटी. वकील, मीटर, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स. नऊ लाख हातात असल्याशिवाय त्या दारात उभं राहता येत नाही.

हप्त्याचं मला भय नाही. आम्ही दोघं मिळून ४६ हजार आणतो, पोटाला चिमटा काढून बावीस-तेवीस हजारांचा हप्ता ओढू. हप्ता माणूस स्वतःच्या कमाईतून भरतो. डिपॉझिट मात्र बापाच्या, आज्याच्या कमाईतून येतं. इथंच सगळी मेख आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माझ्याच वयाचा, माझ्याच पगाराचा. त्याच्या वडलांनी सातारकडची दोन गुंठे जमीन विकली, आजीच्या पाटल्या मोडल्या आणि आठ दिवसांत त्याचं डिपॉझिट उभं राहिलं. त्याला मी दोष देत नाही. भला माणूस आहे, माझ्या डब्यातले बोंबील मिटक्या मारत खातो. पण लोक म्हणतात त्यानं मेहनतीनं घर केलं. मेहनत मीपण तेवढीच करतो की राव!

माझ्या आज्यानं काय मागं ठेवलं? महारकीची वतनी जमीन. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. गावकीची गुलामी गेली, ते उत्तमच झालं. पण जमीन परत नावावर करून घ्यायला सरकारात पैसे भरायचे, आणि भरले तरी ती नव्या शर्तीची, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आमच्या सातबाऱ्यावर नाव आमचं आहे, नांगर दुसऱ्याचा फिरतो. ह्याच्यावर कुठली बँक पैसे देईल?

आजा मुंबईत आला, गिरणीत लागला. गिरणीत पगार बरा कुठं, तर विणखात्यात. तिथं आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्णाला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावायला घेतला होता. म्हणजे आज्याच्या पगारातून दर महिन्याला जे कापलं गेलं ते जातीनं कापलं. ते पन्नास वर्षं साठलं असतं तर आज मला बँकेतल्या साहेबापुढं खुर्चीच्या टोकावर बसावं लागलं नसतं. बाप १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेला तो परत आत गेलाच नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यानं फॉर्म भरला होता. सोडतीत नंबर लागायच्या आधी तो गेला.

मग बचत करायची कशी? बायको भिशीत आहे. बारा जणी, महिन्याला तीन हजार. तिच्या शिस्तीपुढं आपल्या शाखा झक मारतात. मी आरडी भरतो. २०१९ च्या शेवटाला आमच्याकडं दोन लाख दहा हजार होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला, एक लाख चाळीस हजार खाऊन टाकले. पुढं भाच्याची स्कॉलरशिप वेळेवर आली नाही, कॉलेजनं फी मागितली, ती भरली. चुलत्याचं डायलिसिस. घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा पहिला माणूस मी, त्यामुळं सगळ्यांचे फोन माझ्याकडं येतात. आले पाहिजेत. मी शिकलो तेव्हा माझे फोन त्यांच्याकडंच जात होते. फक्त बचतीवर लेक्चर झोडणाऱ्यांनी हे समजून घ्यावं, की चहा-सिग्रेट सोडून हा खड्डा बुजत नाही.

आणि पैसे जमले तरी काय? गेल्या वर्षी एका बिल्डरच्या ऑफिसात टोकनचा चेक घेऊन गेलो. पोरगी आधी गोड बोलली, थंड पाणी दिलं. फॉर्मवर आडनाव लिहिलं. ती आत जाऊन आली. ‘‘सर, इथं फॅमिलीज जरा सेम टाइपच्या आहेत. आणि तो फ्लॅट कालच गेला.’’ तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच फ्लॅटची जाहिरात पुढच्या रविवारी पुन्हा झळकली. दुसरीकडं एकजण वीस टक्के रोख मागत होता, करार नंतर बघू म्हणे. दोस्तांनो, रेराचा २०१६ चा कायदा आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. हे पाठ करून ठेवा.

कुणी म्हणेल, म्हाडात आरक्षण आहे की. आहे, अनुसूचित जातींना ११ टक्के. पण सोडतीत नाव निघालं म्हणून घर फुकट मिळत नाही. मुदतीत पैसे भरावे लागतात, आणि पैशापाशी आलं की गाडी पुन्हा त्याच डिपॉझिटवर येऊन रुतते.

ज्यांच्याकडं होतं त्यांनी काय केलं बघा. गावदेवीला १९१५ साली सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. जातीनं एकत्र येऊन पैसा उभा केला, घरं बांधली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, की सोसायटीनं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवलं तरी कायद्याला ते चालतं. म्हंजे त्यांच्या भिंतीला सहकार म्हणायचं, आणि आपण भिशी काढली की गद्दारी?

तोफ डागणाऱ्या दोस्ताला मी एवढंच विचारलं, की बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत किती वर्षं राहिले? वीसेक वर्षं. मग हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, पुस्तकांना जागा हवी म्हणून. त्यांना कुणी फ्लॅटवाला म्हटलं का? पोरीला अभ्यासाला एक कोपरा पाहिजे, जिथनं तिला अकरा महिन्यांनी कुणी उठवणार नाही, ही मागणी चळवळीच्या बाहेरची कशी काय? उलट भाड्याच्या खोलीतला कार्यकर्ता मालकाच्या मुठीत असतो. मोर्चाचा झेंडा दाराशी ठेवला म्हणून मला एकदा खोली सोडावी लागलीय.

वर्गणीचंही बोलून टाकतो, रागावा. डीजेवर एका रात्रीत जेवढे उडतात, तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या दोन घरांचं मुद्रांक शुल्क निघतं. जयंती जोरात करा, मी नाचायला पुढं असतो. पण डीजे मागवण्याआधी दहा घरांची एक संस्था काढायचा ठराव मांडा, मी पाच नाही, दहा हजार देतो. दार मात्र सगळ्या जातींना उघडं ठेवू. त्यांच्यासारखी भिंत आपल्याला नको.

आज पासबुकात ३ लाख ८६ हजार आहेत. परवा रविवारी तोच दोस्त घरी आला. चहा झाला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, ‘‘भिशीत एखादी जागा आहे का रे? बायको विचारत होती.’’ मी म्हणालो, ‘‘वहिनीला विचार. भिशी तिची आहे.’’