प्रधान विषय कोणाचा?

दहावीचा निकाल लागला की अकोल्यातील सुशिक्षित घरांतून एकच प्रश्न विचारला जातो, आणि तोही मुलास नव्हे, मुलाच्या वडिलांस: 'ग्रुप कोणता घेतला?' जीवशास्त्राचा की गणिताचा, एवढीच काय ती विचाराची व्याप्ती. वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र ही नावे त्या बैठकीत निघतच नाहीत. निघालीच तर कमी गुण मिळालेल्या एखाद्या भाच्याची कीव करताना. या रिवाजास आमची सक्त हरकत आहे.

२०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी-रचना आली. तीत विद्यार्थ्याने एक प्रधान विषय, प्रवेशपत्रिकेच्या भाषेत 'मेजर', पत्करावयाचा; जोडीस गौण विषय घ्यावयाचा; आणि थोडे अध्ययन आपल्या शाखेबाहेरही करावयाचे. कल्पना उत्तम आहे. परंतु अठराव्या वर्षी कागदावर मिळणाऱ्या या स्वातंत्र्याचा उपयोग काय, जर सोळाव्या वर्षीच शिकवणी-वर्गाच्या कार्यालयात, शुल्काच्या पहिल्या हप्त्याबरोबर, सारा निर्णय होऊन चुकला असेल? नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, देह दिवसभर शिकवणीत, आणि मन कोठे आहे याची चौकशी करण्यास कोणासच सवड नाही!

याचा परिणाम काय होतो तो पाहा. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेस २०२४ साली देशभरातून सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. राहिलेल्यांपैकी कित्येक पुन्हा एक वर्ष, क्वचित दोन वर्षे, त्याच पुस्तकांवर घालवितात, आणि अखेर खालमानेने पदवी महाविद्यालयाची पायरी चढतात. तेव्हा प्रधान विषयाच्या रकान्यात जे लिहिले जाते ती निवड नसते, उरलेसुरले असते. ज्या विषयाशी पुढे आयुष्य काढावयाचे, त्याची पहिली ओळख पराभवाची खूण म्हणून व्हावी, याहून त्या विषयाचा आणि त्या मुलाचा मोठा अपमान कोणता?

पालकांची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे. ज्या वऱ्हाडात कापूस आणि सोयाबीन यांचा भाव व पाऊस हे दोन्ही बेभरवशाचे, तेथे शेतीतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीने मुलास निश्चित मिळकतीकडे लोटावे, हे स्वाभाविक होय. या चिंतेस हसणारा मनुष्य पोटभर जेवलेला असावा. परंतु वरील आकडे पाहता निश्चिती ती कोठे राहिली?

शिवाय आमच्या शहराच्या वेशीवरच एक उत्तर उभे आहे. १९६९ साली येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास ज्यांचे नाव आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुख पापळच्या शेतकरी घराण्यातले. विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले, आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट त्यांनी मिळविली ती वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर! पुढे १९३२ साली त्यांनी श्रीशिवाजी शिक्षण संस्था काढली आणि १९५२ पासून दहा वर्षे देशाचे कृषिखाते सांभाळले. आजच्या बैठकीत त्यांच्या विषयाचे नाव निघते, तर 'पुढे याचे करणार काय?' असे विचारून त्यांस गप्प बसविले असते.

यावर कोणी म्हणतील की पंजाबराव हे अपवाद. मान्य. मग शिकवणी-वर्गाच्या फलकावर ज्याचे हसरे छायाचित्र झळकते, तो मुलगा कोणता नियम आहे? तो अपवाद मात्र आपण बिनतक्रार नियम म्हणून स्वीकारतो आणि त्यापायी कर्जही काढतो.

आमची मागणी माफक आहे. महाविद्यालयांनी दहावी-बारावीच्या मुलांस, निकालापूर्वीच, पदवीच्या वर्गांत आठ दिवस बसू द्यावे. कोणत्या प्रधान विषयास पूर्णवेळ प्राध्यापक आहे व कोणता केवळ माहितीपत्रकातच शिकविला जातो, हे दर्शनी फलकावर लिहावे. आणि वडिलांनी, प्रवेशपत्रिका भरताना, निदान त्या एका रकान्यापुरती लेखणी मुलीच्या हाती द्यावी. बाकीचे रकाने त्यांनी खुशाल भरावेत.