नियम आधी आपल्याला

विहारातील संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही अकरा नियम लिहून भिंतीवर लावले. बोलू नये, उशिरा येऊ नये, मोबाईल आणू नये! पंधरा दिवसांत एकही पाळला जाईना. शेवटी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, हे नियम तुम्हालाही आहेत का?" कचेरी सुटल्यावर आम्हीच रोज उशिरा पोचत होतो. आम्ही निरुत्तर झालो.

नियम वाईटही असतो. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. तोही शाळेचा नियमच होता! जो सर्वांना सारखा नाही, तो नियम चांगला कसा म्हणावा? आणि छडीच्या धाकाने नियम चालवणे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच शाळेत बंद केले आहे.

पंचशील कोणी लादत नाही. प्रत्येकजण आपल्या तोंडाने ते स्वीकारतो. आम्हीही तोच मार्ग धरला. जुना कागद काढला. मुलांनीच तीन नियम ठरवले: वेळेवर यावे, एकजण बोलताना इतरांनी ऐकावे, उशीर करणाऱ्याने शेवटी सतरंज्या गुंडाळाव्यात. गेल्या महिन्यात आम्ही चारदा गुंडाळल्या. मुले मात्र आता वेळेवर येतात.

बंधुभगिनींनो, घरीही असेच करून पाहा. सात ते नऊ मुलांनी अभ्यास करावा असे वाटत असेल, तर त्या वेळी आपलाही टीव्ही आणि मोबाईल बंद हवा. नियम थोडे असोत, पण त्यांची सुरुवात आपल्यापासून व्हावी.