शेंकडा दहाची चोरी माफ

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठीं नियम केले. प्रबंधाचें इतर लेखनाशीं साम्य शेंकडा दहापर्यंत असल्यास दंड नाहीं. साठाच्या वर गेल्यास नोंदणी रद्द. मोजमाप अर्थातच संगणकाकडे. हेतु स्तुत्य खरा. परंतु या शेंकडेवारीनें विद्यार्थ्यांस प्रामाणिकपणा शिकविला कीं चातुर्य?

परवां पदवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचा कोयनेच्या भूकंपावरील निबंध आमच्या पाहण्यांत आला. भाषा घोटीव, आणि मध्येंच कंसांत तीन, कंसांत सात असे आकडे! ते मूळ संकेतस्थळावरील टीपांचे क्रमांक. मुलानें मजकुराबरोबर तेहि उचलले. टीपा मात्र तेथेंच राहिल्या. "हें लिहिलें कोणीं?" असें विचारतां उत्तर आलें, "गूगलनें." शिक्षकांनीं निबंध परत केला, तो "साम्य फार आहे, शब्द बदलून आण" असें सांगून! जलाशयाचा तलाव झाला, भूकंपाचा धरणीकंप झाला. साम्य घटलें व गुण मिळाले.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणाच्या पाण्यामुळेंच झाला, असें हा मुलगा ठामपणें लिहितो. वस्तुतः या प्रश्नावर शास्त्रज्ञांत वाद झडले आहेत. हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांचा धरणें आणि भूकंप यांवरील ग्रंथच १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. नांव गाळलें कीं मत वस्तुस्थितीचा वेष घेतें, आणि तें कोणीं, कशाच्या आधारें मांडलें हें पडताळण्याची वाट बुजते. शब्द बदलल्यानें लबाडी कमी होत नाहीं, तिचा माग तेवढा पुसला जातो. इंग्रजी पान यंत्राकडून मराठींत उतरवून घेणारे तर याहून सुरक्षित!

वास्तविक उपाय किती सोपा! वाक्यें घ्यावयाचीं तर अवतरणचिन्हांत घालावीं. विचार घ्यावयाचा तर पान मिटून आपल्या भाषेंत मांडावा. आणि दोहोंपाशीं लेखकाचें नांव, संकेतस्थळ व तें पाहिल्याची तारीख द्यावी. तारीख अशासाठीं कीं तेथील मजकूर उद्यां बदलेल. श्रेय देऊन घेतलेला उतारा आयोगहि साम्यांत धरीत नाहीं. आमचा खेड्यांतला कीर्तनकारसुद्धां अभंगांतील 'तुका म्हणे' गाळीत नाहीं. मग पदवीधरासच एवढें जड कां जावें?

दोष एकट्या मुलांचा मात्र नव्हे. 'कोयनेचा भूकंप' एवढाच विषय दिला तर उत्तर आयतें सांपडणारच. दोन शास्त्रज्ञांचीं मतें देऊन 'तुला कोणतें पटतें, व कां?' असें विचारणारा शिक्षक आम्हांस दाखवा. पण मग साठ निबंध स्वतः वाचावे लागतील. यंत्राच्या शेंकड्याकडे पाहून सही करतां येणार नाहीं.